पुलाखालची जागा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी होते, त्यांनी आपलं उभं आयुष्य गावाच्या वाचनालयाला दिलं. पुस्तकं मिळवणं त्यांना फारसं जड गेलं नाही, देणारे हात पुष्कळ होते. जड गेली ती जागा. वाचनालयाला स्वतःची खोली मिळेपर्यंत त्यांनी किती उंबरे झिजवले, हे समोर बसलेल्या ज्येष्ठ सभासदांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून आज त्यांच्या स्मृतीला साजेशी अशी एका दूरच्या वस्तीची हकीकत घेऊन आलो आहे. ही वस्ती अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांची. तिथे भिंतभर चित्रं आहेत, नाच आहेत, गाणी आहेत, दर एप्रिलमध्ये मोठा उत्सव भरतो. या साऱ्याची सुरुवात जमिनीच्या एका तुकड्यावरून झाली. आधी पोटापाण्याचं बघा, कलेचं नंतर बघू, असं आपण सर्रास बोलतो. या वस्तीने तसा क्रम लावला नाही. मैदान, चित्रं, दवाखाना या गोष्टी तिथे त्याच माणसांनी एकाच हट्टाने मागितल्या आणि मिळवल्या.

सॅन डिएगो हे कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाचं शहर. मेक्सिकोची हद्द तिथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. १८४८ च्या तहापर्यंत हा सारा मुलूख मेक्सिकोचाच होता. युद्ध हरल्यावर तो अमेरिकेकडे गेला. १९१० मध्ये मेक्सिकोत क्रांती पेटली आणि तिच्या धामधुमीत असंख्य कुटुंबं उत्तरेकडे सरकली. त्यांतली बरीच सॅन डिएगोच्या खाडीकाठी लोगन हाइट्स नावाच्या भागात स्थिरावली. काम जवळच होतं: ट्यूना मासळी डब्यात भरण्याचे कारखाने, जहाजबांधणीचे धक्के, नौदलाचा तळ. बायका मासळीच्या कारखान्यात, पुरुष धक्क्यावर, मुलं संध्याकाळी खाडीच्या पाण्यात. अशी घट्ट वस्ती तयार झाली. स्पॅनिशमध्ये अशा मोहल्ल्याला बॅरिओ म्हणतात, आणि आज हा भाग बॅरिओ लोगन म्हणूनच ओळखला जातो.

मग वस्ती एकेका बाजूने कुरतडली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खाडीचा काठ नौदलाने घेतला आणि पाण्यावर जायची वाट बंद झाली. १९५० च्या दशकात शहराने जमीनवापराचे नियम बदलले. घरांना घरं लागून असलेल्या गल्ल्यांत उद्योगांना परवानगी मिळाली आणि पाहता पाहता मोडीत काढलेल्या मोटारींची आवारं उभी राहिली. एका कुंपणाआड लेकरांची शाळा, दुसऱ्या कुंपणाआड गंजलेल्या इंजिनांचा ढीग. १९६३ मध्ये आंतरराज्य महामार्ग क्रमांक ५ वस्तीच्या मधून गेला आणि तिचे दोन भाग झाले. आणि १९६९ मध्ये कोरोनाडोचा पूल खुला झाला. खाडीपलीकडे कोरोनाडो हे श्रीमंतांचं, नौदलाच्या अधिकाऱ्यांचं टुमदार गाव आहे. पूल तिथे जाण्यासाठी. दिसायला फार देखणा, निळा, आकाशात मोठं वळण घेणारा. खालून युद्धनौका जाव्यात इतका उंच. पण या किनाऱ्यावर त्याचे खांब जिथे रोवले गेले, तिथे लोकांची घरं होती. एकेकाळी सुमारे २० हजारांची असलेली ही वस्ती या सगळ्यानंतर सुमारे ५ हजारांवर आली, असं सांगितलं जातं.

मी त्या पुलाखाली उभा राहिलो आहे. वर गाड्यांची घरघर अखंड चालू असते. बोलताना आवाज थोडा चढवावा लागतो. खाली राखाडी काँक्रीटच्या खांबांच्या रांगा, वरच्या टोकाला दोन्ही बाजूंना पसरलेल्या, हात फैलावून उभ्या माणसांसारख्या. १९६९ साली इथे उघडी माती, खडी आणि सावली एवढंच होतं. या सावलीत उद्यान करून देऊ, असं आश्वासन लोकांना मिळालेलं होतं.

२२ एप्रिल १९७० च्या सकाळी मारिओ सोलीस नावाचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी तिथून जात होता. त्याला बुलडोझर दिसले. उद्यानाचं काम सुरू झालं की काय, म्हणून त्याने चौकशी केली. उत्तर मिळालं की इथे महामार्ग पोलिसांचं ठाणं आणि त्याच्या गाड्यांचा तळ होणार आहे. योगायोगाने तोच दिवस अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन म्हणून साजरा होत होता. जमीन, पाणी, हवा यांबद्दल देशभर सभा चालल्या होत्या. सोलीसने दारोदार जाऊन बातमी सांगितली, महाविद्यालयातल्या वर्गात सांगितली. शाळांतली पोरं वर्ग सोडून निघाली. दुपारपर्यंत बायका, म्हातारे, विद्यार्थी असे शेकडो लोक जमले आणि हातात हात धरून त्यांनी बुलडोझरभोवती साखळी केली. काम थांबलं.

यापुढचा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. लोक नुसते बसून राहिले नाहीत. त्यांनी घरून कुदळी, फावडी आणली. ज्या जमिनीवर ठाण्याचा पाया पडायचा होता, तिथे निवडुंग, घायपात आणि फुलझाडं लावायला सुरुवात केली. एका टेलिफोनच्या खांबावर झेंडा चढवला. बायका घरून जेवण आणत होत्या. बारा दिवस जागा लोकांच्या ताब्यात होती, आणि त्या बारा दिवसांत उद्यानाचं काम आंदोलकांनीच सुरू करून टाकलं होतं. आधी मागणी, मग मंजुरी, मग काम, हा सरकारी क्रम त्यांनी उलटा केला. पुढे राज्य आणि शहर यांच्यात जमिनीची अदलाबदल ठरली आणि ती जागा चिकानो पार्क झाली. चिकानो हे नाव अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या तरुण पिढीने त्या काळात स्वतःसाठी अभिमानाने घेतलं होतं.

त्या पिढीविषयी थोडं सांगायला हवं. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानो गावी द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप सुरू झाला, आधी फिलिपिनो मजुरांचा, लगोलग मेक्सिकन मजुरांचा. त्या संपातच लुइस वाल्देझ यांनी एल तेआत्रो काम्पेसिनो हे शेतमजुरांचं नाटकमंडळ उभं केलं. सपाट ट्रकचा हौदा हा रंगमंच, नट स्वतः मजूर, गळ्यात पाटी अडकवलेली: हा मालक, हा मुकादम, हा संपफोड्या. छोटी, धारदार, हसवणारी प्रहसनं मळ्याच्या बांधावर होत. इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी गिरणगावातली कलापथकं पाहिली असतील, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. १९६९ मध्ये डेन्व्हरला तरुणांची मोठी परिषद झाली. तिच्या जाहीरनाम्याची काव्यमय प्रस्तावना आलुरिस्ता या कवीने लिहिली, आणि हा कवी सॅन डिएगोचाच. आज्तेक लोकांची दंतकथेतली मूळभूमी आज्तलान, ती हीच, आपण इथे उपरे नाही, असं ती पिढी म्हणत होती. पुलाखालच्या जमिनीसाठी लोक एवढे पेटून उठले, त्यामागे हा सारा दारूगोळा साठलेला होता.

आता चित्रांकडे येतो. साल्वादोर तोर्रेस हा चित्रकार याच वस्तीत वाढलेला, ओकलंडच्या कलाशाळेत शिकून परतलेला. परतला तेव्हा वस्तीची झालेली दशा त्याने पाहिली. पुलाचे खांब पाहून इतरांना चीड येत होती, त्याला त्यांत कॅनव्हास दिसले. या काँक्रीटने आमची घरं घेतली, तेव्हा हे काँक्रीटच आम्ही घेऊ, असा त्याचा विचार. हा विचार मला विलक्षण वाटतो, कारण त्यात पूल पाडण्याची भाषा नाही आणि पुलाला शरण जाणंही नाही.

भिंतीवर जनतेचा इतिहास काढायची ही परंपरा मेक्सिकोतून आली. क्रांतीनंतर १९२० च्या दशकात दिएगो रिव्हेरा, ओरोस्को, सिकेरोस यांनी सरकारी इमारतींच्या भिंती शेतकऱ्यांच्या, कामगारांच्या चित्रांनी भरून टाकल्या. मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रिव्हेरांचं एक चित्र आहे: जेवणाच्या मेजाभोवती माणसं जमली आहेत आणि मध्ये बसलेला माणूस भाकर मोडून देतो आहे. तो माणूस आपला आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या नव्या वाणांवर त्यांनी काम केलं, गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शेतीशाळा काढल्या. रिव्हेरांचा आणि त्यांचा स्नेह होता. अखेरीस ते नागपूरला परतले आणि १९६७ मध्ये तिथेच गेले. मेक्सिकोच्या भित्तिचित्रांच्या ऐन बहरात, भाकर वाटणारा म्हणून एका वैदर्भीय माणसाचा चेहरा निवडला गेला, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना ठाऊक असायला हवी. चापिंगोत २०२२ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला तेव्हा आपल्याकडे थोडी चर्चा झाली आणि थांबली.

या परंपरेतला दुसरा दुवा लॉस एंजेलिसचा. १९३२ मध्ये सिकेरोस यांनी तिथल्या ओल्वेरा स्ट्रीटवर एका इमारतीच्या भिंतीवर मोठं चित्र काढलं. चित्र काढून घेणाऱ्यांना रंगीबेरंगी, पर्यटकांना रुचेल असा मेक्सिको हवा होता. त्यांनी काढला क्रुसावर चढवलेला मूळ रहिवासी आणि वर अमेरिकन गरुड. थोड्याच काळात ते पांढऱ्या रंगाखाली झाकलं गेलं. पण उन्हापावसात तो चुना पोपडे धरून गळू लागला आणि १९६०-७० च्या दरम्यान खालचं चित्र पुन्हा डोकावू लागलं, नेमकं त्याच सुमारास चिकानो तरुण भिंती शोधत होते. अनेक वर्षांच्या जतनकामानंतर २०१२ मध्ये ते लोकांना पाहण्यासाठी खुलं झालं.

चिकानो पार्कमध्ये रंगकाम सुरू झालं १९७३ च्या मार्चमध्ये. जमीन ताब्यात घेतल्यावर तीन वर्षांनी. मधला काळ परवानग्यांचा, बैठकांचा, रंगाच्या पैशांचा. तोर्रेस, गियेर्मो अरांदा, व्हिक्तोर ओचोआ आणि त्यांचे सोबती यांनी आधी पुलाच्या उताराच्या बाजूच्या दोन सपाट भिंती घेतल्या. पहिल्या दिवशी रंगाचे डबे मांडले आणि जो येईल त्याच्या हाती ब्रश दिला. शेजारपाजारचे शेकडो लोक आले. पोरांनी हात बुडवून रंग फासला. नंतर चित्रकारांनी त्यावर रचना बसवली: एका भिंतीवर केत्सालकोआत्ल, म्हणजे पिसांचा सर्प, मध्य अमेरिकेचं प्राचीन दैवत, दुसऱ्या भिंतीवर मेक्सिकोच्या आणि चिकानो चळवळीच्या इतिहासातले चेहरे. आपण रंगवलेल्या भिंतीवर सहसा कोणी वेडंवाकडं खरडत नाही. ज्या पोरांच्या हातचे पहिले फटकारे त्या भिंतीत मुरले होते, तीच पुढे तिची राखण करू लागली.

खांबांचं काम जास्त कष्टाचं. काँक्रीट खरखरीत, वर धूळ आणि धुराचा थर. ते धुवून घासून काढायचं, अस्तर द्यायचं, ते वाळलं की परांची बांधायची. कागदावरच्या लहान चित्रावर चौकोन आखायचे, तेच चौकोन खांबावर मोठे करून आखायचे आणि घर भरत जावं तसं चित्र भरत न्यायचं. वर पसरलेल्या भागाचा उपयोग प्रत्येकाने आपापल्या परीने केला. कुठे तिथे पंख आहेत, कुठे वेल, कुठे आईच्या पसरलेल्या बाह्या. सॅक्रामेंटो, लॉस एंजेलिसहून चित्रकारांचे गट आले. १९७५ मध्ये सॅक्रामेंटोहून आलेल्या स्त्रियांनी एक अख्खा खांब रंगवला. त्या काळच्या चळवळीत भाषणं पुरुषांची आणि स्वयंपाक बायकांचा, अशी वाटणी इतर अनेक चळवळींप्रमाणे होतीच. तिथे उंच परांचीवर चढून स्त्रियांनी स्त्रियांची चित्रं काढली, हे त्या पार्कमधलं माझ्या मते सर्वांत धीट काम. एका खांबावर १९७८ मध्ये खुद्द जमीन ताब्यात घेण्याचाच प्रसंग चितारला गेला. आणि १९७७ च्या एका खांबावर मोडीच्या आवारांविरुद्धची घोषणा आहे. त्या खांबापासून चार पावलांवर त्या वेळी खरोखरच तसली आवारं होती. आज तिथे ८० हून अधिक चित्रं आहेत. कोणत्या खांबावर कोण काय काढणार, हे ठरवते १९७० पासून काम करणारी चिकानो पार्क सुकाणू समिती. तिच्यात पगारी कोणी नाही.

आता पुन्हा मागे, १९७० च्याच ऑक्टोबरातली गोष्ट. वस्तीत नेबरहूड हाउस नावाची जुनी समाजसेवी संस्था होती. पूर्वी तिथे आजारपणाची, बाळंतपणाची मदत मिळे. पुढे तिची नुसती कचेरी उरली. पार्कमुळे धीर आलेल्या लोकांनी ती इमारत ताब्यात घेतली आणि दवाखाना मागितला. लॉरा रॉड्रिग्ज या साठी ओलांडलेल्या बाईंनी स्वतःला दाराशी साखळीने बांधून घेतलं. आधी पार्कमधल्या मुलांना घरचं जेवण पुरवणाऱ्या, कधी व्यासपीठावर न गेलेल्या बाई. मोफत दवाखाना सुरू झाला. आज त्याचं रूपांतर सॅन डिएगोभर शाखा असलेल्या आरोग्यसंस्थेत झालं आहे. आणि लॉराबाईंचा चेहरा पार्कमधल्या एका खांबावर आहे. क्रांतिवीरांच्या आणि दैवतांच्या रांगेत पांढऱ्या केसांची एक आजी. दवाखाना आणि चित्र यांचं नातं मला शब्दांनी सांगत बसावं लागत नाही, तो खांबच ते सांगतो.

उत्सवाला एक चौथरा लागतो. पार्कमध्ये गाणी-नाचासाठी छत्री बांधायचं ठरलं तेव्हा ती कशी असावी यावर रस्सीखेच झाली. शहराच्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश धाटणीची हवी होती, सॅन डिएगोत पर्यटकांना तीच धाटणी दाखवली जाते. लोकांचं म्हणणं, स्पेन आमच्यावर राज्य करणाऱ्यांचा. आम्हाला आमच्या माया, आज्तेक पूर्वजांची धाटणी हवी. लोकांचं खरं झालं आणि १९७७ मध्ये माया मंदिराच्या वळणाचा चौथरा उभा राहिला. एका छपराच्या आकारासाठी एवढा वाद कशाला, असं कुणाला वाटेल. मला तो वाद अत्यंत आवश्यक वाटतो. ज्या छताखाली आपली मुलं नाचणार, ते कोणाच्या इतिहासाचं असावं, हे ठरवण्याचा हक्क सोडला असता तर बाकीचं जिंकलेलं हळूहळू निसटलं असतं.

दर वर्षी २२ एप्रिलच्या आसपासच्या शनिवारी तिथे चिकानो पार्क दिन होतो. सुरुवात आज्तेक नर्तकांची. घोट्यांना वाळलेल्या बियांचे जड घोस बांधलेले, डोक्यावर लांब पिसांचे मुकुट, मध्ये कोपलचा, म्हणजे तिकडच्या सुगंधी राळेचा धूर. चारही दिशांना वंदन करून नाच सुरू होतो. बियांचा खळखळाट पुलाच्या तळाला आपटून दुप्पट होतो आणि वरची घरघर काही काळ ऐकू येत नाही. मग लोकनृत्यं, घेरदार झगे, कवितावाचन, भाषणं, बँड. रामोन ऊर्फ चंकी सांचेस हे इथले लाडके गायक. जमीन ताब्यात घेतल्याच्या हकिगतीवर त्यांनी सांबाच्या ठेक्यात गाणं रचलं आणि ते वस्तीचं गाणं झालं. २०१३ मध्ये त्यांना लोककलेसाठीचा अमेरिकेतला सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान मिळाला, २०१६ मध्ये ते गेले.

आणि बाजूच्या रस्त्यावर मोटारी. त्यांना लोरायडर म्हणतात. जुनी शेव्हरोले वगैरे गाडी घ्यायची, जमिनीला टेकेल इतकी खाली आणायची, हायड्रॉलिक पंप बसवायचे की चालकाने बटण दाबताच ती उचलली जाईल, कलेल, उड्या मारील. रंगाचे थरावर थर, दारांवर ग्वादालूपेच्या मेरीमातेचं नाहीतर आजोबांचं चित्र, आत मखमल. आणि चालवायची अगदी सावकाश. हेही कलेचं काम आहे, आणि त्यालाही जागेची लढाई चुकली नाही. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियाने गाडी ठरावीक मर्यादेखाली झुकवणं बेकायदा केलं. हायड्रॉलिकची युक्ती त्यानंतरचीच, पोलीस दिसला की गाडी वर उचलता यावी म्हणून. पुढे अनेक शहरांनी संथ गाड्यांच्या अशा रपेटीवरच बंदी घातली. बॅरिओ लोगनला लागून असलेल्या नॅशनल सिटीने १९९२ मध्ये घातलेली बंदी २०२३ मध्ये उठवली. आणि १ जानेवारी २०२४ पासून राज्यभर अशी बंदी घालण्याचा शहरांचा अधिकारच काढून घेतला गेला.

नोव्हेंबरातला मृतांचा दिवस हा दुसरा मोठा प्रसंग. गेलेल्यांच्या तसबिरी, त्यांच्या आवडीचं जेवण, गोड पाव, मेणबत्त्या आणि ढिगांनी झेंडू. झेंडूचं मूळ घर मेक्सिको. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू तिकडून आलेला. तिकडच्या खेड्यांत हा घरातला आणि दफनभूमीतला विधी. अमेरिकेत तो चौकात आणला तो कलावंतांनी: १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत गालेरिया दे ला रासा या कलादालनाने, लॉस एंजेलिसमध्ये सेल्फ हेल्प ग्राफिक्स या छापचित्रांच्या कार्यशाळेने. ही कार्यशाळा कॅरन बोक्कालेरो या फ्रान्सिस्कन जोगिणीने मेक्सिकन चित्रकारांना सोबत घेऊन सुरू केली होती.

या दोन्ही संस्थांचं पुढे काय झालं ते पाहा. सेल्फ हेल्प ग्राफिक्स ज्या इमारतीत वर्षानुवर्षं होती, ती २००८ मध्ये विकली गेली आणि संस्थेला तिथून निघावं लागलं. गालेरियाचं भाडं २०१८ मध्ये एकदम दुप्पट झालं आणि चाळीसहून जास्त वर्षांचा कोपरा तिने सोडला. उलट शिकागोच्या पिल्सन भागात कार्लोस तोर्तोलेरो आणि त्यांच्या शिक्षक सोबत्यांनी १९८२ मध्ये मेक्सिकन कलेच्या संग्रहालयाचा घाट घातला, १९८७ मध्ये ते सार्वजनिक उद्यानाच्या इमारतीत उघडलं, आणि ते आजही तिथेच आहे, प्रवेश विनामूल्य. कामाचा दर्जा तिन्ही ठिकाणी उत्तम होता. फरक पडला तो जागा कोणाच्या नावावर होती यामुळे.

चिकानो पार्कच्या वाट्यालाही पुढे स्वस्थता आली नाही. १९८९ आणि १९९४ च्या भूकंपांनंतर कॅलिफोर्नियातले पूल मजबूत करायचं काम निघालं. खांबांना वेढे घातले तर चित्रं जातील, म्हणून लोक पुन्हा उभे राहिले आणि चित्रांना धक्का न लावणारा मार्ग काढायला अभियंत्यांना भाग पाडलं. ज्या राज्य परिवहन खात्याने एकेकाळी घरं पाडली, त्याच खात्यामार्फत २०११ नंतर जुन्या चित्रांच्या दुरुस्तीसाठी निधी आला आणि मूळ चित्रकारांपैकी काहीजण उतारवयात पुन्हा परांचीवर चढले. डिसेंबर २०१६ मध्ये पार्कला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. त्याच्या दोनच महिने आधी, ऑक्टोबरात, पार्कमध्ये कार्यक्रम चालू असताना एक गाडी वरच्या पुलाचा कठडा तोडून खाली गर्दीत कोसळली. चार माणसं गेली. सोहळा ज्या पुलाखाली भरतो, तो पूल सोहळ्यासाठी बांधलेला नाही, हे त्या दिवशी फार क्रूरपणे समोर आलं.

हवेचं दुखणं तर रोजचं आहे. महामार्ग, जहाजधक्के, ट्रक यांच्या धुरात मुलांचा दमा ही वस्तीची जुनी तक्रार. घरं आणि कारखाने यांच्यात अंतर राखणारा विकास आराखडा २०१३ मध्ये नगरपरिषदेने मंजूर केला, तर जहाज उद्योगाने तो सगळ्या शहराच्या मतदानाला नेला आणि २०१४ मध्ये तो पडला. ज्यांच्या अंगणात हा धूर येत नाही, अशा लाखो मतदारांनी बॅरिओच्या अंगणाचा निकाल दिला. नवा आराखडा नगरपरिषदेत मंजूर व्हायला २०२१ साल उजाडलं. या सर्व काळात सभा, मोर्चे, पत्रकार परिषदा कुठे झाल्या? पुलाखालीच. पार्क नसतं तर ही माणसं एकत्र जमली असती कुठे, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये पार्कला लागून असलेल्या इमारतीत चिकानो पार्कचं संग्रहालय आणि सांस्कृतिक केंद्र सुरू झालं. जुन्या तसबिरी, पत्रकं, आंदोलकांच्या मुलाखती तिथे जमा होत आहेत. लोगन अॅव्हेन्यूवर आता कलादालनं आहेत, कॉफीची दुकानं आहेत. काही वस्तीतल्याच मुलांनी काढलेली, काही बाहेरून आलेल्यांची. चित्रं पाहायला जगभरातून लोक येतात. आणि भाडी वाढतात. राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा खांबांना आहे, खांबांशेजारच्या भाडेकरूंना नाही. सुकाणू समितीच्या माणसांना हे पक्कं कळतं. म्हणून परवडणाऱ्या घरांचा विषय त्यांच्या बैठकांत रंगांच्या विषयाइतकाच असतो.

त्यांची एक मागणी फार जुनी आहे: पार्क थेट खाडीपर्यंत जावं. नौदलाने तोडलेली पाण्याची वाट परत मिळावी. अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर १९९० मध्ये खाडीकाठी एक छोटं उद्यान झालं, गवत आणि पाण्यात शिरणारा धक्का असलेलं. पण पुलाखालच्या पार्कपासून तिथे जायचं तर मध्ये रेल्वेचे रूळ, गुदामं आणि ट्रकांचा रस्ता लागतो. दोन तुकडे अजून जोडलेले नाहीत. समितीने ती मागणी सोडलेली नाही, आणि पुढच्या एप्रिलच्या उत्सवाची तयारी दरम्यान सुरूच आहे.